झाकलेला चौथा आकडा

साकीनाक्याला आमचा गाळा दुसऱ्या मजल्यावर होता आणि तिथे रोज दुपारी एक ते दीड पंखा बंद ठेवायचा नियम होता. मे महिन्यातसुद्धा. हा नियम मालकांनी केलेला नव्हता, मोजमापाचं काम बघणाऱ्या नेरूरकरांनी केला होता. आणि आमचे मालक भाटेही तो पाळून रुमालाने मान पुसत बसायचे. आमच्या खाली पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा कारखाना होता, शेजारी लेथवाले. दिवसभर जमीन हादरायची, दिवे मिचमिचायचे. एक वाजता सगळे डबे उघडायचे आणि अख्ख्या औद्योगिक इस्टेटीत अर्धा तास शांतता असायची. तेवढ्या वेळात नेरूरकर आपली नाजूक मोजमापं उरकून घ्यायचे. स्वतःचा डबा ते बारालाच संपवत.

मी तिथे लागले तो ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. पस्तिशीची होते, मुलुंडला संसार होता, आणि आधीच्या कंपनीत सात वर्षं रेडिओ तपासले होते. म्हणजे मला शिकवायला कुणी यावं अशी काही मी राहिले नव्हते. पहिल्याच दुपारी मी पंखा लावला. नेरूरकर उठले, बटण बंद केलं आणि म्हणाले, "दामलेबाई, घाम आला म्हणून कोण मरत नाही." मी मनात म्हटलं, झालं, इथेही एक विक्षिप्त आहेच.

उंच, खांद्यातून थोडे वाकलेले, पन्नाशीचे. चष्म्याची एक काडी मोडलेली, ती त्यांनी तांब्याच्या तारेने बांधली होती आणि तशीच वापरत होते. मूळचे मालवणकडचे, शांत असले की तुमच्याआमच्यासारखं बोलायचे, पण आत काही ढवळलं की मालवणी बाहेर यायची. त्यांची एक खोड मला फार छळायची. कुठलीही गोष्ट ते एकदा विचारून थांबत नसत. "जोडणी तपासलीस?" हो म्हटलं की पाच मिनिटांनी पुन्हा, "जोडणी तपासलीस ना?" मग हात धुताना तिसऱ्यांदा. मी एकदा वैतागून म्हटलं, तिन्ही वेळा मी तेच सांगणार आहे. तर म्हणाले, "तेच सांगशील. पण आवाज तिन्ही वेळा सारखा येतो का, ते बघायचं असतं." चेंबूरला त्यांच्या घराजवळच्या बाजारातल्या कोळणीने त्यांना सुनावलेलं ते स्वतःच हसत सांगायचे: "दादा, तीनदा इचारून पापलेट मोठा होनार हाय का?"

आम्ही आकडे दाखवणारी मीटरं बनवायचो. तापमानाची, वजनाची, दाबाची. आतला विजेचा दाब सलग बदलत असतो, त्याचे आकडे करून काचेमागे लाल दिव्यांत दाखवायचे, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं आहे. पण चार आकड्यांच्या कुठल्याही मीटरचा शेवटचा आकडा कधी स्वस्थ बसत नाही. सात, चार, आठ, पाच, असा नाचत राहतो, कारण मोजायच्या गोष्टीबरोबर तारांमधला, हवेतला, खालच्या प्रेसचा सगळा गोंगाट आत शिरतो. नेरूरकर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "चार आकडे दिसतात म्हणून चार कळतात असं समजू नका. खरी गोष्ट गोंगाटापेक्षा किती मोठी आहे, त्यावर ठरतं तुम्हाला किती कळलं ते."

त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. ठाण्याच्या एका औषधवाल्याची तक्रार होती की मीटरचा शेवटचा आकडा नाचतो आणि त्याचे कामगार गोंधळतात. भाटे व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "एवढंच ना? त्या आकड्यावर काळी पट्टी मारा आणि पाठवून द्या."

"आकडा झाकायचा नाही," नेरूरकर म्हणाले.

"अहो, तुम्हीच म्हणता ना की तो नुसता गोंगाट आहे? मग कोणाला दाखवायचाय?"

"गोंगाट आहे. तरी झाकायचा नाही." आणि मग अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं, "माझ्या हातनं परत झाकायचा नाय!"

नेरूरकरांनी ते मीटर पुन्हा उघडलं, दहा-बारा दिवस खपून त्याचा गोंगाट कमी केला आणि चारही आकड्यांसकट पाठवलं. मला ते 'परत' खटकलं होतं. काही दिवसांनी, पंखा बंद असताना, मी न विचारता त्यांनीच सांगितलं.

नेरूरकर पाच-सहा वर्षांपूर्वी घाटकोपरला राहायचे. तीन मजली जुनी इमारत, प्रत्येक मजल्यावर लांब सामाईक गॅलरी. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली, जिथे ती भिंतीला मिळते तिथे, एक भेग होती. घरमालकाचं म्हणणं, भेग जुनी आहे, वाढत नाही, दुरुस्ती कशाला? भाडेकरूंचं म्हणणं, वाढतेय. सगळे नेरूरकरांकडे आले. तुमचं कामच मोजायचं, तुम्ही मोजून दाखवा.

त्यांनी भेगेच्या दोन्ही काठांवर तिची रुंदी मोजणारी एक पट्टी बसवली, तिच्यावरून तारा खाली आणल्या आणि जिन्याखाली लाकडी खोक्यात चार आकड्यांचं मीटर लावलं. दोन दशांश चार एक सात, म्हणजे दोन मिलिमीटर आणि वर काही. इमारतीतली सगळी माणसं जाता-येता त्या खोक्यापुढे थांबायला लागली. शेवटचा आकडा वाढला की कुणीतरी घाबरायचं, पोरांना गॅलरीतून आत ओढायचं. कमी झाला की घरमालकाचा माणूस हसायचा, "बघा, आपोआप भरत चालली." आणि आठवड्याभरात कहर झाला. आसपासचे मटक्याचे शौकीन सकाळी सकाळी जिन्याखाली यायला लागले. भेगेचा शेवटचा आकडा बघायचे आणि त्याच्यावर पैसे लावायचे.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पाटकर राहायचे. गिरणीतले, नेरूरकरांच्याच गावाकडचे. त्यांची बायको लीला पहाटे पाचला दूध केंद्रावर जायची, म्हणून रोजचा आकडा लिहायचं काम नेरूरकरांनी तिच्याकडे दिलं होतं. तिने चाळीस दिवस न चुकता लिहिला. मग एका सकाळी ती त्यांना म्हणाली, "भावजी, ह्यो वाढता हा."

"कुठे वाढतो, वयनी? काल नऊ होता, आज सहा आहे."

"ता माका कळता. तरी वाढता हा. रोज बघणाऱ्याक कळता."

नेरूरकरांनी तिला समजावलं की शेवटचा आकडा हा आकडाच नव्हे, तो गोंगाट आहे, त्यात काही वाचायचं नसतं. त्यांना ते पटलेलंच होतं, आणि तसं बघितलं तर धंद्याच्या दृष्टीने बरोबरही होतं. ज्याची खात्री देता येत नाही तो आकडा लोकांना दाखवणं म्हणजे फसवणूक, असं ते मानायचे. त्याच दिवशी त्यांनी शेवटच्या आकड्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना सांगितलं, आता तीन आकडे दिसतात, ते तिन्ही खरे आहेत. मटकेवाले गेले, पोरं पुन्हा गॅलरीत खेळायला लागली. तीन आकडे बरेच दिवस हलले नाहीत. पुढे एकदा दोन दशांश चार एकचं चार दोन झालं आणि तिथेच राहिलं. एवढ्याने काय होतं, असं नेरूरकरांनीच लोकांना सांगितलं.

काळी पट्टी लावल्याला दीड महिना होत आला असताना सकाळी सातच्या सुमाराला लीला पाटकर कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली आणि गॅलरी तिच्यासकट खाली आली.

"मी दाढी करत होतो," नेरूरकर म्हणाले. "आवाज झाला तसा धावलो. आणि दामलेबाई, मी आधी मीटर बघितलं. मग तिच्याकडे गेलो."

"काय होतं मीटरवर?"

"काय असणार? तार तुटली होती."

एवढं सांगून झालं तेव्हा दीड वाजला होता आणि खाली प्रेस सुरू झाला होता. त्यांनी उठून पंखा लावला. तुमची चूक नव्हती असं म्हणायला माझी जीभ वळली नाही, कारण ते मला तरी कुठे माहीत होतं? आणि त्यांनाही माहीत नव्हतं, हेच त्यांचं दुखणं होतं. वयनी म्हणाली वाढतो. तिला खरंच काही दिसत होतं, की तो नुसता गोंगाट होता आणि तिची भीती? त्या आकड्यात काही होतं की नव्हतं? हा एक प्रश्न घेऊन तो माणूस इतकी वर्षं नोकरी करत होता, मासे आणत होता, सोल्डरिंग करत होता. ते कळल्यावर मला त्यांच्या खोडींचा राग येईनासा झाला. उलट एकला दहा मिनिटं कमी असताना मीच उठून पंखा बंद करायला लागले.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्यांनी एक नवीन खूळ डोक्यात घेतलं. ट्रॉम्बेला नोकरी करणाऱ्या एका मित्राने त्यांना कुठल्याशा लेखाची झेरॉक्स आणून दिली होती. डेल्टा-सिग्मा असं त्या पद्धतीचं नाव. तोवर आमची मीटरं एका फटक्यात शक्य तितकं बारीक मोजायचा प्रयत्न करायची. ही तऱ्हा उलटी होती. ती फार ढोबळ मोजते. तिला एकच प्रश्न विचारता येतो: जास्त की कमी? उत्तर एक किंवा शून्य, मधलं काही नाही. पण हा प्रश्न ती सेकंदाला हजारो वेळा विचारते.

"मग त्यात काय मोठं?" मी म्हटलं. "हजारदा विचारून सरासरी काढायची. तुम्ही कोळणीबरोबर करता तेच."

"तेच नाही," ते म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे कागद ओढला. "नुसती सरासरी काढली तर चौपट वेळा मोजशील तेव्हा गोंगाट निम्मा होतो. फार महाग पडतं. इथे बघ. जास्त म्हणून उत्तर दिलं, पण खरं उत्तर थोडंच जास्त होतं. म्हणजे चूक झाली. आपण काय करतो? चूक झाली, सोडून देतो, नव्याने मोजतो. हा सोडत नाही. ती चूक साठवतो आणि पुढच्या प्रश्नात मिळवतो. त्याच्यातनं उरली ती त्याच्या पुढच्या. असं केलं की चुका सगळ्या घाईघाईने थरथरणाऱ्या होतात, आणि सावकाश बदलणारी खरी गोष्ट खाली स्वच्छ उरते. थरथर गाळून टाकायची. दुप्पट वेळा मोजलं की गोंगाट जवळजवळ तिपटीने उतरतो."

मला ते पटायला आठवडा लागला. हातातलं उत्तर इतकं ओबडधोबड, आणि त्यातून इतके बारीक आकडे कसे निघतात, हे कागदावर कळूनही मनाला कळत नव्हतं. नेरूरकरांनी सुट्या भागांतून तसं मीटर जोडलं. एका वेळी एकच उत्तर देणारा, लाकडी फळीवर पसरलेला तो पसारा भाटे येता-जाता बघायचे आणि विकाऊ काही होणार का, असं विचारायचे. नेरूरकर "बघू" म्हणायचे. आमच्या नेहमीच्या मीटरच्या पुढे आणखी दोन खरे आकडे त्या फळीने दिले, ते मी माझ्या हाताने तपासलेत.

पण मला सांगायची आहे ती त्या फळीची गोष्ट नाही. ती तपासताना तुलनेसाठी आम्ही आमचं जुनं, साधं मीटर शेजारी ठेवलं होतं. त्याला मुद्दाम असा विजेचा दाब दिला होता की खरी किंमत एकेचाळीसच्या थोडी वर पडावी. एक तृतीयांश वर. जुन्या मीटरला एकेचाळीस दाखवता येतं किंवा बेचाळीस, मधलं त्याच्याकडे नाही. एक ते दीडच्या शांततेत ते एकेचाळीस दाखवत राहिलं. आम्ही तीनशे वेळा वाचलं, तीनशे वेळा एकेचाळीस. सरासरी काढून तरी काय निघणार?

दीड वाजला. खाली प्रेस सुरू झाला, टेबल हादरायला लागलं, आणि तो आकडा थरथरायला लागला. एकेचाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस. मी वही मिटत होते. नेरूरकर म्हणाले, "थांब. वाच." मी वाचत गेले, ते खुणा करत गेले. तीनशे वाचनं. बेचाळीस आलं होतं शंभराच्या आसपास. एक तृतीयांश. म्हणजे शांततेत जे त्या मीटरला दिसूच शकत नव्हतं, ते गोंगाट आल्यावर आकड्यांच्या हेलकाव्यातून निघालं होतं. अभियांत्रिकीत ही गोष्ट माहीत असलेली आहे, नेरूरकरांनीही ती वाचली असणार. पण वाचणं निराळं.

त्यांनी खुणा पुन्हा मोजल्या. मग स्टुलावर बसले आणि त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मी पाणी आणायला धावले. परत आले तर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "आकडो हलत होतो म्हणानच कळलां असतां." आणि मग माझ्याकडे बघून, "मी जे झाकलं ना, दामलेबाई, त्यातनंच कळलं असतं. कळण्यासारखं असेल तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. शाळेची वही. वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, सुनीता पाटकर, इयत्ता नववी, भूगोल. लीला पाटकरने मुलीच्या भूगोलाच्या वहीची मागची पानं वापरली होती. गॅलरी पडली त्या दिवशी मीटरबरोबर ही वहीही खोक्यात होती, आणि नेरूरकर दोन्ही घेऊन आले होते. पुढे महापालिकेने इमारत रिकामी केली, पाटकर बोरिवलीला गेले, हे चेंबूरला. वही यांच्याकडेच राहिली. आठ वर्षं. उघडली नव्हती.

"तू काढ सरासरी," ते म्हणाले. "मी काढली तर मला हवा तोच आकडा येईल."

"तुम्हाला कुठला हवाय?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "मला आकडे सांगू नको. होतं की नव्हतं, एवढंच सांग."

रविवारी दुपारी मुलुंडला स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मी ते काम केलं. तिचं अक्षर मोठं, शाळकरी, पण आकडे स्वच्छ. रोज पहाटे पाच, तीच वेळ, म्हणजे ऊन-सावलीचा फरकही फारसा नाही. चाचणी घेणाऱ्या किती शिकलेल्या माणसांना ही शिस्त नसते ते मी पाहिलं आहे. दहा-दहा दिवसांचे चार गट केले. शेवटच्या आकड्याची सरासरी पहिल्या गटात चारच्या थोडी वर आली, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहाच्या पुढे, चौथ्यात आठाला टेकलेली. मी पुन्हा केलं. मग गट बदलून केलं. प्रत्येक आकडा एकेकटा बघितला तर वेड्यासारखा नाचत होता, आणि सगळे मिळून जिना चढत होते. तिला कागदपेन्सिल न घेता ते दिसलं होतं.

मला रडू आलं. माझा नवरा म्हणाला, "नव्हतं म्हणून सांग ना. बाई तर गेली. त्या माणसाला जगू दे की जरा." मला ते पटलं. सोमवारी मी खोटं बोलायचं ठरवूनच साकीनाक्याला गेले. एक वाजला, पंखा थांबला, नेरूरकर माझ्यासमोर येऊन बसले आणि काही न विचारता नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "होतं." ठरवलेलं सगळं राहिलं बाजूला. आयुष्यभर दुसऱ्यांची मीटरं खरी की खोटी ते तपासलं, त्याची सवय असेल, किंवा त्या बाईच्या अक्षराचा धाक असेल. आजही मला सांगता येत नाही की मी चांगलं केलं की वाईट.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "वयनी बरोबर होती." आणि थोड्या वेळाने, "आता जाऊक व्हया."

"कुठे?"

"पाटकराकडे. बोरिवलीला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस आठ वर्षांत तिथे गेलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, तेराव्यालाही गेले नव्हते. "काय सांगणार होतो जाऊन? माझी चूक झाली म्हणू, तर ती झाली की नाही ते मलाच माहीत नाही. नाही झाली म्हणू, तर तेही खोटं. खात्री नसताना कसं बोलायचं?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. हिशेब तू केलास तर तूही चल, म्हणाले. पत्ता शोधावा लागला नाही, खिशातल्या डायरीत होता. कागद पिवळा पडण्याइतका जुना. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते पंचविशीच्या आतबाहेरच्या एका मुलीने. नेरूरकरांना तिने लगेच ओळखलं. "या," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आम्ही बसलो आणि समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी दिसल्या. एक बाईची. दुसरी पाटकरांची. दोन्हींना चंदनाचे हार.

"बाबा गेले गेल्या वर्षी," सुनीता म्हणाली.

नेरूरकरांनी ठरवून आणलेलं सगळं पाटकरांना सांगायचं होतं. मग त्यांनी वही काढली आणि तिच्यासमोर धरून एका दमात सांगून टाकलं: तुझी आई म्हणत होती ते बरोबर होतं, आकडा वाढत होता, तो मी झाकला, आता हिशेब करून कळलंय.

तिने वही बघितली, भूगोल वाचलं. हात लावला नाही.

"आता कळलं?" ती म्हणाली. "एवढी वर्षं हिशेब करत होतात?"

"खात्री नव्हती, बाय."

"खात्री कोणाला पाहिजे होती, काका? बाबा प्रत्येक दिवाळीला म्हणायचे, यंदा नेरूरकर येतो बघ. तुम्ही इमारतीतल्या सगळ्यांत जवळचे होतात आमच्या. चुकलं नाही चुकलं, तो विचारच कोण करत होतं? तुम्ही येऊन नुसते बसला असतात तर त्यांना पुरलं असतं. हॉस्पिटलातही मला विचारलं त्यांनी, आला होता का म्हणून." तिचा आवाज फाटला. "मला काय सांगताय आता? ज्यांना सांगायचं ते तिथे आहेत. त्यांना सांगा." आणि तिने भिंतीकडे बोट केलं आणि ती आत निघून गेली.

ती रागाने बोलली होती. दुसरा कुणीही मान खाली घालून निघाला असता, मी तर पर्ससुद्धा उचलली होती. पण नेरूरकरांनी ते जसंच्या तसं घेतलं. ते उठले, तसबिरींसमोर जाऊन उभे राहिले, वहीचं मागचं पान उघडलं आणि पहिल्या दिवसापासून वाचायला लागले. तारीख, मग आकडा. दोन दशांश चार एक तीन. दोन दशांश चार एक सहा. ना आवाज चढवला, ना थांबले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, माझ्याकडे पाठ करून उभं. सोमवारी त्यांचं राजीनाम्याचं पत्र भाट्यांकडे आलं आणि ते गावाला निघून गेले.

त्या दुपारी वाचता वाचता चाळीस दिवसांचे आकडे संपले. माझा हिशेब तिथेच संपला होता, मला वाटलं आता थांबतील. पण वहीत पुढेही पानं होती. काळी पट्टी लावल्यानंतरही लीला रोज पहाटे लिहीत राहिली होती. तिला सांगितलं होतं तसे तीनच आकडे. पण चौथ्याची जागा तिने सोडली नव्हती, तिथे ती रोज एक रेघ काढत होती. ती पानं मी बाजूला ठेवली होती, कारण सरासरी काढण्यासारखं तिथे काही नव्हतं. नेरूरकर तीही वाचायला लागले. "दोन दशांश चार एक, रेघ. दोन दशांश चार एक, रेघ." सुनीता आतून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "दोन दशांश चार दोन, रेघ."

पान उलटलं आणि ते थांबले. वरची तारीख त्यांनी वाचली, पुढचं वाचवेना. गॅलरी पडली त्या दिवसाची ती तारीख होती. त्याही पहाटे ती दुधाला जाताना लिहून गेली होती. सुनीताने तांब्या खाली ठेवला, पुढे येऊन त्यांच्या हातातून वही घेतली आणि आईचं अक्षर जवळ धरून बघितलं.

"दोन दशांश चार दोन," तिने वाचलं. "रेघ."